इटालियनकडे इंग्रजीच्याच वाटेनं कशाला जायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: मी तेवीस वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या गावात मराठी शाळेत दहावीपर्यंत शिकले, पुण्यात इंजिनिअरिंग केलं आणि गेल्या सप्टेंबरात एम.एस्सी.साठी इटलीत तोरीनोला आले. माझा सगळा अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात आठवड्यातून दोनदा इटालियनचा ए१, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचा, वर्ग असतो आणि जूनमध्ये त्याची परीक्षा आहे. पाच महिने रोज पाऊण तास ॲपवर अभ्यास करतेय. वहीत आठशे शब्द आहेत, समोर इंग्रजी अर्थ लिहिलेले. तरी दुकानात तोंड उघडत नाही. एखादं वाक्य कसंबसं बोलले की समोरचा लगेच इंग्रजीत सुरू होतो. वर्गातल्या कोलंबिया-पेरूच्या मुली दोन महिन्यांत बोलायला लागल्या. माझं इंग्रजीच कष्टानं झालेलं, त्यावर आणखी ही भाषा. मराठी माध्यमाचा तोटा इथेही पाठ सोडत नाही असं वाटतं. व्याकरण पूर्ण होईपर्यंत न बोललेलंच बरं ना? की इटालियन सोडून मुख्य विषयांकडे लक्ष देऊ? एक खासगी क्रॅश कोर्सही आहे, पण तो महाग आहे.

उत्तर:

मराठी माध्यमाचा तोटा होतो हे तू गृहीतच धरलं आहेस, म्हणून तिथूनच सुरुवात करते. तुझ्या वहीत इटालियन शब्दासमोर इंग्रजी अर्थ आहे, ॲप इंग्रजीतून विचारतं, वर्गात शिक्षिका इंग्रजीतून समजावतात. म्हणजे तू इटालियन शिकतेस ती इंग्रजी माणसाच्या डोक्यानं. त्याला जे अवघड जातं तेच तुलाही अवघड म्हणून शिकवलं जातं, आणि तुला आयतं येत असलेलं बरंच काही न वापरता पडून राहतं.

आधी उच्चार बघ. तू ‘टोरिनो’ म्हणतेस की ‘तोरीनो’? इटालियन त आणि द हे आपलेच दंत्य त आणि द आहेत. इंग्रजीतून आलेल्या सवयीनं आपण तिथे ट आणि ड लावतो, आणि बोलणं परकं वाटण्याचं ते मोठं कारण ठरतं. ‘तुत्तो’, ‘दोमानी’, ‘दोत्तोरे’ हे शब्द मराठी जिभेनं म्हण, कसलाही प्रयास न करता बरोबर येतील. झेड या अक्षराचा उच्चार आपल्या ‘चमचा’तल्या च सारखा होतो, कधी ‘जावई’तल्या ज सारखा. म्हणून ‘ग्रात्स्ये’ आणि ‘स्तात्स्योने’मध्ये ‘चमचा’तला च आणि ‘झेरो’मध्ये ‘जावई’तला ज. जी आणि एन ही अक्षरं शेजारी आली की शाळेत वर्णमालेत पाठ केलेला, पण कधीच न वापरलेला ञ म्हणायचा: न्हाणीघराला ‘बाञो’. सी आणि एच एकत्र दिसले की इंग्रजी सवयीनं च म्हणू नकोस, तिथे क असतो. हे चार नियम एका बैठकीत होतात.

जोडाक्षरांचंही तसंच आहे. इंग्रजी बोलणाऱ्यांना ‘सेते’ म्हणजे तहान आणि ‘सेत्ते’ म्हणजे सात यांतला फरक कानाला लागायला महिने जातात. तू लहानपणापासून ‘आता’ आणि ‘आत्ता’ वेगवेगळे ऐकतेस. ‘कासा’ म्हणजे घर, ‘कास्सा’ म्हणजे दुकानातला गल्ला. ‘नोनो’ म्हणजे नववा, ‘नोन्नो’ म्हणजे आजोबा. एकेरी व्यंजनाआधी स्वर थोडा लांबव, जोडाआधी आखूड ठेव. वय सांगताना ‘वेंतित्रे आन्नी’तला एक न गळला तर अर्थ फार लाजिरवाणा होतो, म्हणून तो जोड ठासून म्हण.

आता वाक्यं. ‘मला कॉफी आवडते’, ‘मला पुस्तकं आवडतात’. इटालियनमध्ये ‘मी प्याचे इल काफ्फे’ आणि ‘मी प्याच्चोनो ई लीब्री’. इथला ‘मी’ म्हणजे आपलं ‘मला’. आवडणारी वस्तू एक असेल तर क्रियापद एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीत आवडणाऱ्या माणसाला कर्ता करतात, म्हणून पाठ्यपुस्तकांत या क्रियापदाला वेगळा धडा द्यावा लागतो. तुला त्या धड्याची गरजच नाही, इंग्रजी मधून काढलं की झालं. ‘मला पोहता येतं’ आणि ‘मी आज येऊ शकत नाही’ यांत आपण दोन वेगळी क्रियापदं वापरतो, इटालियनही वापरतं: ‘सो नुओतारे’, पण ‘ओज्जी नोन पोस्सो वेनीरे’. इंग्रजीतून गेलीस तर दोन्हीकडे ‘पोस्सो’ म्हणशील आणि पहिलं चुकेल. डॉक्टरकडे जाते, ‘वादो दाल मेदिको’. लायब्ररीत जाते, ‘वादो इन बिब्ल्योतेका’. माणसाकडे जायचं तर ‘दा’ (इथे त्याचंच ‘दाल’ झालं), हे आपल्या ‘कडे’वरून लगेच लक्षात राहतं.

पुढे भूतकाळ येईल तेव्हा ‘मी गेले’ आणि ‘मी गेलो’ हा भेद पुन्हा भेटेल. बाई म्हणते ‘सोनो आंदाता’, पुरुष म्हणतो ‘सोनो आंदातो’. मात्र एका जागी सावध राहा. आपण ‘पोळी खाल्ली’, ‘आंबा खाल्ला’ म्हणतो, म्हणून ‘मी पिझ्झा खाल्ला’ म्हणताना जीभ पिझ्झाचं इटालियनमधलं स्त्रीलिंग क्रियापदाला लावायला बघते. तिथे ते बदलत नाही: ‘ओ मांजातो उना पित्सा’. पिझ्झाचं नाव आधी येऊन गेलं असेल आणि ‘तो मी खाल्ला’ एवढंच म्हणायचं असेल, तेव्हाच ते बदलतं: ‘लो मांजाता’. हा भाग ए१च्या शेवटाला किंवा ए२मध्ये येतो, आज त्यात डोकं घालू नकोस.

तू-तुम्हीचा भेदही तुझ्या अंगवळणी पडलेला आहे. वर्गमित्राला ‘तू’, तोही शब्द हाच. प्राध्यापक, दुकानदार, डॉक्टर, कचेरीतली व्यक्ती यांना ‘लेई’, आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी. माफी मागताना मित्राला ‘स्कूसा’, बाकी सगळ्यांना ‘स्कूसी’. कधी शंका आली तर ‘लेई’ वापर. समोरच्याला चालत असेल तर तो स्वतःच ‘तू’वर येईल.

मराठी जिथे कामी येत नाही त्या जागाही स्पष्ट सांगते, कारण तुझे खरे कष्ट तिथेच लागणार आहेत.

पहिली जागा म्हणजे नामाआधीचं उपपद, इंग्रजीतल्या ‘द’सारखं. मराठीत ते नाहीच, त्यामुळे आपण ते गाळतो किंवा अंदाजानं लावतो. साधारण पुल्लिंगी शब्दाला ‘इल’: ‘इल लीब्रो’, अनेकवचनी ‘ई लीब्री’. शब्द एसनं सुरू होऊन लगेच दुसरं व्यंजन आलं, किंवा झेडनं सुरू झाला, तर ‘लो’: ‘लो स्तुदेंते’, ‘लो द्झाइनो’. त्यांचं अनेकवचन ‘ल्यी स्तुदेंती’, ‘ल्यी द्झाइनी’. स्वरानं सुरू होणाऱ्या पुल्लिंगी शब्दालाही अनेकवचनात ‘ल्यी’ लागतं: ‘लामिको’, ‘ल्यी आमीची’. स्त्रीलिंगी शब्द सोपे आहेत: ‘ला कासा’, ‘ले कासे’. कोष्टक घोकून काही साधत नाही, बोलताना कोष्टक आठवायला वेळ नसतो. यापुढे वहीत एकही शब्द उपपदाशिवाय लिहू नकोस. ‘लीब्रो’ असा शब्द वहीत नसावा, ‘इल लीब्रो’ असावा.

लिंगाबद्दल एक. मराठीत पुस्तक नपुंसक, हिंदीत स्त्रीलिंगी आणि इथे ‘इल लीब्रो’ पुल्लिंगी. हिंदी शिकताना ही कसरत तू केलीच आहेस, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. ओकारान्त शब्द बहुधा पुल्लिंगी, आकारान्त बहुधा स्त्रीलिंगी. ‘त्स्योने’नं संपणारे सगळे स्त्रीलिंगी. ‘ला मानो’ म्हणजे हात आणि ‘इल प्रोब्लेमा’ हे दोन अपवाद रोज लागतात, तेवढे पाठ कर.

दुसरी जागा शेवटचा स्वर. ‘बेल्लो, बेल्ला, बेल्ली, बेल्ले’ यांतलं लिंग-वचन सगळं त्या एका स्वरात आहे. आपण घाईत शब्दाचा शेवट खातो, आणि चूक होईल या भीतीनं तर मुद्दाम खातो. समोरच्याला त्यामुळे वाक्य अर्धंच ऐकू येतं. चुकीचा का होईना, पण स्पष्ट स्वर म्हण. चूक ऐकू आली तरच ती कुणी दुरुस्त करील.

तिसरी जागा आघात. मराठी बोलताना आपण सगळी अक्षरं जवळपास सारख्याच जोरानं म्हणतो. इटालियनमध्ये बहुतेक शब्दांत शेवटून दुसऱ्या अक्षरावर जोर असतो. शेवटच्या अक्षरावर असेल तर तो लिहून दाखवतात, जसं ‘चित्ता’, ‘पेर्के’. पण ‘तेलेफोनो’, ‘माक्किना’, ‘साबातो’ यांत तो शेवटून तिसऱ्यावर असतो आणि लिहिलेला नसतो. सगळ्यात जास्त चुका ‘ते बोलतात’, ‘ते राहतात’ अशा रूपांत होतात. ‘पार्लानो’त जोर ‘पा’वर आहे, ‘आबितानो’त ‘आ’वर. वर्गात नवा शब्द आला की जोराच्या अक्षराखाली रेघ मारून ठेव.

आणि चौथी, जिथे मराठी-इंग्रजी दोन्ही फसवतात. भूक, तहान, झोप, थंडी, उकाडा, घाई आणि वय या गोष्टी इटालियनमध्ये माणसाजवळ ‘असतात’: ‘ओ फामे’, ‘ओ सेते’, ‘ओ सोन्नो’, ‘ओ फ्रेद्दो’, ‘ओ काल्दो’, ‘ओ फ्रेत्ता’. इंग्रजीवरून ‘सोनो काल्दा’ केलंस तर ‘मला उकडतंय’ असा अर्थ होत नाही, भलताच होतो. ही सगळी वाक्यं विचार न करता पाठ कर.

आता त्या आठशे शब्दांचं बघू. वही टाकून देऊ नकोस, पण इंग्रजी रकाना खोडून टाक. आठशेपैकी गेल्या आठवड्यात जे खरोखर लागले असते असे दोनशे निवड आणि प्रत्येकासमोर तू स्वतः म्हणशील असं एक छोटं इटालियन वाक्य लिही. अडलंच तर खाली मराठी लिही. इंग्रजीच्या आधारानं तोंडओळखीचे वाटणारे शब्दच घात करतात. ‘कामेरा’ म्हणजे खोली. ‘लिब्रेरिया’ म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालयाला ‘बिब्ल्योतेका’. ‘पारेंती’ म्हणजे आईवडील नव्हेत, नातेवाईक. नळावर सी अक्षर दिसलं की थंड पाणी समजून हात घालू नकोस, ते ‘काल्दो’चं सी आहे, म्हणजे गरम. थंड पाण्यावर एफ असतो.

कोलंबिया-पेरूच्या मुलींशी स्वतःची तुलना करतेस, ती सोडून दे. स्पॅनिश आणि इटालियन या लॅटिनच्या लेकी, त्यांचे हजारो शब्द सारखे आहेत, त्यामुळे त्या मुलींना पहिले काही महिने समजून घ्यायचे कष्टच नव्हते. पुढे त्यांचीही पंचाईत होते. ‘सालीरे’ म्हणजे इटालियनमध्ये चढणं, स्पॅनिशमध्ये जवळपास त्याच शब्दाचा अर्थ बाहेर पडणं. त्यांचं बोलणं एकूण समजतं म्हणून असल्या चुका कुणी दाखवत नाही आणि त्या पक्क्या होतात. तुझी सुरुवात हळू आहे, पण वरच्या जागा सांभाळल्यास तर ती स्वच्छ होईल.

‘व्याकरण पूर्ण झाल्यावर बोलेन’ या विचाराशी मात्र मी मुळीच सहमत नाही. ए१मध्ये अपेक्षा तरी काय असते? स्वतःची ओळख, घर-कुटुंब, वेळ, आकडे, रस्ता विचारणं, खरेदी, दिनक्रम. त्यासाठी वर्तमानकाळ, उपपदं, लिंग-वचन, प्रश्नार्थक शब्द, आणि ‘चे’ म्हणजे एक वस्तू आहे व ‘ची सोनो’ म्हणजे अनेक आहेत, एवढं पुरतं. एस्सेरे, आवेरे, फारे, आंदारे, वेनीरे, स्तारे, दोवेरे, पोतेरे, वोलेरे आणि सापेरे ही दहा अनियमित क्रियापदं सहाही रूपांत झोपेतून उठवलं तरी यायला हवीत. हे सगळं बोलल्यावाचून पक्कं होत नाही, कारण ॲपवर तू समोर दिसणाऱ्या पर्यायांतून ओळखतेस, तर दुकानात कोऱ्या पाटीवरून वाक्य उभं करावं लागतं. पाच महिन्यांत तू ओळखायला शिकलीस. ते वाया गेलेलं नाही, पण त्याच्या जोरावर बोलता येत नाही, हे आता तुला दिसलंच आहे.

समोरचा इंग्रजीत जातो तो तुला कमी लेखून नव्हे. तू अडखळलेली दिसतेस, त्याच्यामागे रांग असते, आणि तो मदतच करत असतो. म्हणून त्याला आधीच सांग: ‘पोस्सो प्रोवारे इन इताल्यानो? स्तो इंपारांदो.’ मी इटालियनमध्ये बोलून बघू का, शिकतेय. जोडीला ‘पुओ पार्लारे प्यू लेंतामेंते, पेर फावोरे?’ म्हणजे जरा हळू बोलाल का, आणि ‘नोन ओ कापीतो, पुओ रिपेतेरे?’ म्हणजे समजलं नाही, पुन्हा सांगाल का. ही वाक्यं न अडखळता म्हणता आली की बाकीचं अडखळलं तरी लोक थांबतात. सकाळी आठच्या गर्दीत कॉफीबारमध्ये सराव करू नकोस. दुपारी तीनला जा.

तोरीनोत तुझ्या हाताशी पोर्ता पालात्सोचा बाजार आहे. तिथले कितीतरी विक्रेते बाहेरून आलेले आहेत, त्यांनीही ही भाषा मोठेपणीच उचलली. त्यांचं बोलणं आखूड आणि ठरावीक असतं, नवशिकीला ते फार सोयीचं. शनिवार टाळून मधल्या वारी जा आणि प्रत्येक भाजी वेगळ्या गाड्यावरून घे, म्हणजे तोच संवाद पाच-सहा वेळा होईल:

‘बुओंजोर्नो, मेद्झो कीलो दी पोमोदोरी, पेर फावोरे.’
‘आल्त्रो?’
‘सी, आंके उन कीलो दी पाताते.’
‘आल्त्रो?’
‘बास्ता कोझी, ग्रात्स्ये. क्वांतो व्येने?’
‘दुए ए चिंक्वांता.’

अर्धा किलो टोमॅटो, एक किलो बटाटे, आणखी काही नको, किती झाले, अडीच युरो. चीज शंभर ग्रॅमच्या मापात मागतात. त्या मापाला ‘एत्तो’ म्हणतात, म्हणून दोनशे ग्रॅमला ‘दुए एत्ती’. आकड्यांचं दडपण घेऊ नकोस. एकोणतीस, एकोणसाठ करत ज्यानं मराठी पाढे पाठ केले, त्याला वीसनंतर सरळ जोडत जाणारे इटालियन आकडे काहीच नाहीत.

ऐकण्यासाठी रेल्वे स्टेशन चांगलं. पोर्ता नुओवाला घोषणा एकाच साच्यातल्या असतात: गाडी, गाव, ‘इन आर्रीवो’ म्हणजे येतेय, ‘इन पार्तेंत्सा’ म्हणजे सुटतेय, ‘बिनार्यो’ म्हणजे फलाट, ‘रितार्दो’ म्हणजे उशीर. गाडीची वाट बघत असशील तेव्हा आधी ऐकून फलाट ओळख, मग फलकाकडे बघ.

आठवड्याची आखणी अशी कर. ॲप पाऊण तासावरून पंधरा मिनिटांवर आण. वाचलेल्या अर्ध्या तासातून दोन दिवस श्रुतलेखन काढ: पाठ्यपुस्तकातला अर्ध्या मिनिटाचा ध्वनिपाठ तीनदा ऐक, लिही, छापील मजकुराशी ताडून बघ. इटालियन बहुतेक ऐकू येतं तसंच लिहितात, त्यामुळे तुझी चूक म्हणजे तुझ्या कानाची चूक. लाल पेनानं फक्त जोड व्यंजनं, शेवटचे स्वर आणि उपपदं तपास. वर्ग झाला त्या दिवशी त्या धड्यावरची दहा वाक्यं स्वतःबद्दल लिही आणि मोठ्यानं म्हण. एक दिवस बाजाराला. एक दिवस इंग्रजी सुधारायची असलेल्या इटालियन विद्यार्थिनीशी तासभर अदलाबदल ठरव, अर्धा तास तिची भाषा, अर्धा तास इंग्रजी. घड्याळ लावून बसा आणि विषय आदल्या दिवशी ठरवा, नाहीतर गाडी इंग्रजीवरच घसरते. आणि हो, तुझं कष्टानं मिळवलेलं इंग्रजी इथे कुणालातरी हवं असेल, हेही लक्षात घे.

इटालियन सोडून द्यावी का? माझं मत, नको. पदवी इंग्रजीत मिळेल, पण इंटर्नशिपच्या जागी चहाच्या वेळच्या गप्पा, भाडेकरार, घरमालकिणीचा फोन, डॉक्टर, वास्तव्य परवान्याच्या नूतनीकरणाची कचेरी, हे सगळं इटालियनमध्ये आहे. पण जूनमध्ये मुख्य विषयांचा भार झेपत नसेल तर भाषेची परीक्षा पुढे ढकलायला हरकत नाही. इटालियन विद्यापीठांत उन्हाळ्याच्या परीक्षांनंतर बहुधा सप्टेंबरात पुन्हा परीक्षा असतात. भाषा केंद्रात तारखा आणि नोंदणीची मुदत आजच विचारून ठेव, नोंदणी राहून गेली तर तयारी असूनही परीक्षेला बसता येत नाही.

खासगी क्रॅश कोर्सला आत्ता पैसे घालू नकोस. त्यात धडे भराभर उरकतात, बोलायला मिळेलच असं नाही. आधी विद्यापीठात सघन वर्ग आहे का विचार. शहरोशहरी प्रौढशिक्षणाची सरकारी केंद्रंही असतात, सी.पी.आय.ए. नावाची. तिथे परदेशी लोकांसाठी ए१-ए२चे वर्ग मोफत किंवा नाममात्र शुल्कात चालतात. तसंच ए१साठी बाहेरचं प्रमाणपत्र विकत घेण्याची गरज नाही. सिएनाची चिल्स, पेरूज्याची चेली, दांते अलिगिएरी सोसायटीची प्लीदा या परीक्षांवर खर्च करायचाच तर पुढे बी१ला कर, नोकरीच्या अर्जात त्याचा उपयोग होतो.

जे अजून पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात बसून इटलीच्या प्रवेशाची वाट बघत आहेत, त्यांनी उच्चार, दहा क्रियापदं आणि शंभरपर्यंतचे आकडे निघण्याआधीच करून ठेवावेत. मुंबईत इटलीचं सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे भाषावर्गांची चौकशी करता येईल. देवनागरीत उच्चार लिहून शिकायला पहिले दोन आठवडे हरकत नाही. नंतर मात्र तो आधार काढून घ्या, कारण देवनागरीत ‘चार’चा च आणि ‘चमचा’चा च सारखाच दिसतो, आणि जोर कुठे द्यायचा तेही त्यात कळत नाही.